जबाब आल्याबिगर

रोज सकाळी नळाखाली घागर लावली की रुखमाबाई एक सवाल टाकायची. "आज भाजीले काय करू वं?" रांगेतून कुणी बोलेपर्यंत तिची भरलेली घागर जागची हलत नसे. म्हणून कळंबजवळच्या त्या वस्तीतल्या बायका घाईनंच सांगून टाकत, "बेसन कर माय, पण हाल!"

तिच्या कलापथकाचीही हीच रीत. ती सवाल टाकणार, गाव जबाब देणार, मगच ढोलकी वाजणार. ढोलकीवर प्रफुल्ल, तिच्या बहिणीचा मुलगा. पण बोलावणी आटत चालली होती आणि त्यानं पुण्याच्या एका कंपनीत बोलून ठेवलं होतं. अशात सरकारी योजनांच्या प्रचारासाठी कलापथकं निवडणार असल्याचं कळलं. निवड झाली तर वर्षभर कार्यक्रम आणि ठरलेलं मानधन.

"नाही झाली तं मी चाललो, मावशी," प्रफुल्लनं बजावलं.

यवतमाळच्या सभागृहात समोर तीनच परीक्षक. रुखमाबाईनं पदर खोचला, एका आईचं सोंग घेतलं आणि विचारलं, "लेक सोळाची झाली. देऊ का बार उडवून?"

तिघंही मान खाली घालून लिहीत होते. रुखमाबाई थांबली.

"मावशी, पुढं घे," प्रफुल्ल कुजबुजला.

"जबाब आल्याबिगर कशी घेऊ?" ती मधल्या मॅडमकडे वळली. "सांगा ना, बाई."

मॅडम दचकल्या. "मला विचारता?"

"मंग? खुर्च्याईले इचारू?"

"नका देऊ," मॅडम हळूच म्हणाल्या.

"नवरदेवाच्या घरी ऐकू नाही गेलं!"

"नका देऊ!" या खेपेला तिघंही ओरडले आणि ढोलकी अशी कडाडली की दारावरचा शिपाई आत डोकावला. एक साहेब तर वरपक्षाकडून भांडायलाच लागले. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा लग्न मोडायचं राहूनच गेलं होतं.

बाहेर प्रफुल्ल फुगून बसला. "अर्ध्यातच राह्यलं ना. काहून थांबली तू?"

आठवड्यानं मॅडमचा फोन आला. निवड झाल्याचं सांगून त्या थोड्या अडखळल्या. "पण त्या मुलीचं पुढं काय झालं हो?"

"पयला कार्यक्रम मुकुटबनले हाय म्हणता ना? तिथं या पाह्यले."

प्रफुल्लनं पुण्याला नाही म्हणून कळवलं. मुकुटबनच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता, शेजारच्या जागेवर ढोलकी. वाटेत एक म्हातारी चढली. रुखमाबाई मागून म्हणाली, "प्रफुल्ल, ढोलकी मांडीवर घे. बाईले बसू दे."