तेलाजवळचा हात

एका आचाऱ्याचं आत्मचरित्र वाचतेय. बटाटेवड्याच्या कृतीशेजारी त्याच्या हाताचा फोटो आहे, मनगटावर भाजल्याचा पांढुरका डाग. तसाच माझ्याही मनगटावर आहे. तेल उडालं त्या दिवसापासून मी तळण सोडलं. लेकीने वडे मागितले की विषय बदलते.

तो लिहितो की घाबरलेला हात कढईपासून लांब राहतो आणि लांबून वडा टाकला की तेल उडतं. हात तेलाजवळ न्यायला हवा.

त्या दिवशी मी लांबूनच टाकला होता. भीतीपोटी आणखी काय काय असं लांबून टाकलं असेल, कोण जाणे.

आज कढई ठेवलीय.

“आई, राहू दे ना,” लेक दारातून म्हणते.

वडा बोटांवर घेऊन मी हात कढईवर नेते. धग लागतेय. मी हात आणखी खाली नेते.