बाबांची बाज कुठे टाकावी

मागच्या बुधवारी ताई गेली.

भेटायला येणाऱ्यांना मी सांगतो, की तिला थाळीफेक मीच शिकवली. ते खरं आहे, पण अपुरं आहे.

ताई दहावीत होती, मी नववीत. केशोरीजवळच्या आमच्या गावात थाळी कुठली? मायचा लोखंडी तवा होता. ("रोटी कायच्यावर भाजू, तुमच्या डोस्क्यावर?" माय रोज विचारायची.) गोंदियाच्या स्पर्धेत निवड झाली तर तिथे वसतिगृहात राहून पुढे शिकता येणार होतं, नाही तर शाळा संपली. एक फेक पाहून पाठवायचं की नाही ते सांगतो, असं बाबा म्हणाले.

मी भौतिकशास्त्राचं पुस्तक आणलं.

"गिरकी घेताना आधी अंग फिरव. हात मागून येऊ दे."

"हात माह्याच अंगाले हाय ना बे?" ताई म्हणाली.

मळणीसाठी खळं सारवलेलं होतं. गोल, सपाट. घर्षण कमी असलं की गिरकी सोपी जाते, असं पुस्तकात होतं; म्हणून मी त्यावर शेणाचा आणखी एक पातळ हात फिरवला. थाळी पुढे जाते, म्हणजे सर्वांत सुरक्षित जागा ताईच्या पाठीमागची. बाबांची बाज मी तिथे टाकली.

ताई फिरली. अंग आधी, हात मागून, अगदी पुस्तकाप्रमाणे. फक्त ती थांबली नाही. पाय सरकला, अर्धी गिरकी जास्त झाली आणि तवा सुटला तेव्हा ती बाबांकडे पाहत होती. (सुटलेली वस्तू सरळ जाते. तिथे पुस्तक बरोबर होतं.)

बाबा बाजेवर आडवे झाले. तवा त्यांच्यावरून गेला आणि गोठ्याच्या छपराची कवेलू फोडून आत पडला. म्हैस बाहेर धावली, खळ्यावर आली आणि घसरली. तिला धरायला गेलेला मीही.

"काऊन बे, मले मारून राहिला का?"

"बाबा, घर्षण..."

"चूप."

ताई शेणात बसून रडत होती. गोंदिया गेलं, हे आम्हाला दोघांनाही कळलं होतं. बाबा उठले, गोठ्यापर्यंत चालत गेले, फुटक्या कवेलूंकडे बराच वेळ पाहत राहिले आणि परत आले.

"घसरून, उलटा फेकून तेथवरी गेला," ते म्हणाले. "कोरड्या जागेवर कुठवरी जाईन?" मग ताईला म्हणाले, "जाय गोंदियाले. पन ह्याले संग नेऊ नको."

ताई क्रीडाशिक्षिका झाली. निवृत्तीनंतर माझ्याकडेच राहिली. मी काहीही समजावू लागलो, की "थांब बे, चुकून राहिला तू," म्हणायची.

काल तिच्या दोन विद्यार्थिनी आल्या. "तुम्हीच का मॅडमचे पहिले कोच?"

मी मान डोलावली.

"मॅडम पहिल्याच दिवशी सांगायच्या, पुस्तक वाचून शिकवणारा भाऊ असंन तं त्याले गेटाबाहेर उभं करा."

त्या हसल्या. मी त्यांना गिरकीमागचं शास्त्र समजावलं. दोघींनी शेवटपर्यंत ऐकलं. घरात आता मला कोणी थांबवत नाही.