बिननावाचा झरा

कड्यामागच्या त्या झऱ्याला नाव नव्हतं, म्हणून तर तो मला हवा होता. आमच्या घरातला प्रत्येक प्रवास देवळापाशीच संपायचा. मला नुसतं पाहायला जायचं होतं. गेल्या वर्षी काट्याकुट्यांतून वाट काढत मी आणि माझा मित्र दिनकर तिथे पोचलो. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

आज पुन्हा दोघं आलो, पाहतो तर काठच्या दगडाला शेंदूर, वर सुकलेला हार.

"मुलगी बरी होऊ दे, म्हणून तेव्हाच इथे नवस बोललो होतो रे," दिनकर म्हणाला. "ती बरी झाली, मग येऊन फेडला."

म्हणजे मी झरा पाहत होतो, तेव्हा हा माझ्या शेजारी मनात हात जोडून उभा होता!

रागारागाने वळलो, तर पायांना खडे टोचले. शेंदूर दिसला तिथेच माझे बूट नीट काढून ठेवलेले होते.