सीताफळाच्या शालीचा शुक्रवार

अन्याय झालाय तो आमच्या गल्लीत सुती-रेशमी हिमरूच्या शाली विणणाऱ्या खालावर, माझ्या शेजारच्या मावशीवर. कधी? यंदा होळीनंतरच्या मंगळवारी, दुपारी पावणेबारा वाजता. पोस्टमननं सही घेतली, लिफाफा दिला आणि सायकल वळवून तो गेला. लिफाफ्यात वकिलाची नोटीस होती. शालीवरची सीताफळाची नक्षी अमुक व्यापाऱ्याच्या नावावर नोंदलेली आहे, ती विणणं आणि विकणं ताबडतोब थांबवा, नाहीतर कोर्टात या. ज्या बाईनं ती नक्षी स्वतःच्या डोक्यातून काढली, तिलाच हे लिहिलं होतं.

खालाला इंग्रजी येत नाही. नोटीस मीच वाचून, मराठीत सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, ओढणीनं चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हंजी माझंच मी चोरलं व्हय?"

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही त्यावर, कंत्राटी कामगारांवर, पाडलेल्या टपऱ्यांवर मी पानंच्या पानं लिहिलीत. त्या दुपारी मला एकही वाक्य सुचलं नाही.

त्या दिवसापासून तिचा माग बंद आहे. त्यावर फुलाफुलांची चादर टाकलीय.

माझी आई वाळूजला कंपनीत होती, पाळीपाळीनं कामाला जायची. शाळा सुटली की मी खालाच्या अंगणात. दोन घरांमध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीला मागाचा आवाज मुरलेला. खट्, मग सरकल्याचा आवाज, मग पुन्हा खट्. मी पाढे त्या तालावर पाठ केले. सतराचा पाढा मला अजून तसाच येतो, मधे थांबून. खाला मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायची, सुताच्या उभ्या ताण्यात रेशमाचा आडवा धागा घालायची, आणि मान वर न करता विचारायची, जेवलीस का. मी हो म्हटलं तरी तिला खोटं कळायचं. आवाजावरून कळतं म्हणायची.

आता भिंतीला कान लावला तर खालाच्याही पलीकडच्या घरातला टीव्ही ऐकू येतो. मला तो माग हवाय. इतकी साधी गोष्ट मागायची मला लाज वाटत नाही.

सीताफळाची नक्षी जन्मली तेव्हा मी कॉलेजात होते. आम्ही दोघी एस.टी.नं दौलताबादला गेलो होतो, तिच्या बहिणीकडं. परतीला स्टँडवर टोपल्या घेऊन बाया बसलेल्या. मी तिथंच तीन सीताफळं फस्त केली. खालानं एक हातात घेतलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही. खात का नाही विचारलं तर म्हणाली, "डोळे बघ की गं याचे. सगळे सारखे वाटतेत, पण एक सारखा नाय."

नंतर दीड महिना तिनं मला आलेखाचे कागद आणायला लावले. एकेक चौकोन भरायची, खोडायची. हिमरूत डाळिंब जुनं आहे, अननस जुना आहे. उकललेलं सीताफळ, आतल्या काळ्या बियांसकट, कुणी विणलेलं आमच्या गल्लीतल्या जुन्या विणकरांनीही पाहिलं नव्हतं.

आमच्याकडं एक रीत आहे. नवी नक्षी आधी गल्लीला दाखवायची, मग विकायची. पहिली शाल शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, अंगणाच्या भिंतीवर टांगतात. येणाराजाणारा बघतो, चूक काढतो, चहा पितो. एकदा गल्लीनं पाहिली की ती नक्षी त्या हाताची. दुसरा विणकर तिला शिवत नाही. कागद नाही, शिक्का नाही, पण मी लहानाची मोठी होईपर्यंत ही रीत मोडलेली पाहिली नाही. गल्लीनं बघणं हाच आमचा शिक्का होता.

सीताफळाची शाल टांगायची ठरली तेव्हा मला राहवलं नाही. एवढं काम फक्त गल्लीनं बघावं? मी पत्रक लिहिलं. हातानंच, मोठ्या अक्षरात, आणि झेरॉक्स काढून कॉलेजात, बसस्टँडवर, लेणी बघायला आलेल्या लोकांनाही वाटलं. "येत्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजता. आमच्या खालानं विणलेली सीताफळाची शाल. या, बघा, हात लावा."

लोक आले. अंगण भरलं, मग ओटा, मग रस्ता. खालाची नणंद शालीजवळ नाक नेऊन म्हणाली, "भाभी, बिया लई टाकल्या. पांघरणाऱ्याचे दात जातील." सगळे हसले, खालाही. बाहेरगावची पोरं फोन वर धरून फोटो काढत होती. त्यांत एक नीटनेटका माणूस होता, त्यानं शालीची मागची बाजूही उलटून पाहिली. मला तेव्हा बरं वाटलं, जाणकार दिसतो म्हणून. मीच त्याला चहा दिला.

नोटीस आल्यावर आम्ही एका वकीलबाईंकडं गेलो. त्या हेच काम बघतात. त्यांनी आधी माझं तोंड बंद केलं, कारण जो नक्षी काढतो त्याचा तिच्यावर आपोआप कॉपीराइट असतो, वगैरे मी सांगायला लागले होते. कागदावरचं चित्र तिचंच, त्या म्हणाल्या. पण तीच नक्षी कापडावर उतरली, आणि पन्नासाच्या वर नग निघाले, की तो हक्क कापडाला पुरत नाही. कापडासाठी डिझाइनची नोंद वेगळी. ती लोकांसमोर आणण्याच्या आधी करावी लागते. एकदा चारचौघांनी पाहिली की ती कायद्याला नवी राहत नाही.

म्हणजे गल्लीनं बघितलं म्हणून माझं गेलं, असं खालानं हळूच विचारलं. वकीलबाईंनी मान हलवली. मला टेबल उलटून टाकावंसं वाटलं. ज्या बघण्यानं आमच्यात वस्तू आपली होते, त्याच बघण्यानं कायद्यात ती आपली राहत नाही. आणि हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? शाळेत? बँकेत? लाख विषयांवर पत्रकं वाटणाऱ्या मला तरी ठाऊक होतं?

पण वकीलबाईंचं संपलं नव्हतं. जो नियम खालाला लागतो तोच व्यापाऱ्यालाही लागतो. त्याचा अर्ज आमच्या शुक्रवारनंतर पाच आठवड्यांनी गेलाय, तसं नोंदीतच दिसतं. त्याच्या आधी शाल लोकांनी पाहिली होती हे सिद्ध झालं, तर त्याची नोंद रद्द करा असा अर्ज डिझाइन नोंदणीच्या कोलकात्यातल्या कार्यालयात करता येतो. खालाची नोंद आता कधीच होणार नाही. पण तिला अडवणारंही कुणी उरणार नाही. ती विणू शकेल.

मी पिशवीतून पत्रक काढून टेबलावर आपटलं. हा घ्या पुरावा. त्यांनी ते उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "येत्या म्हणजे कोणत्या?"

तारीख नव्हती. महिना नव्हता, वर्षही नव्हतं. पत्रक चार दिवस जगतं, वाचणाऱ्याला कळतं, असंच मी शिकले होते. आमची सगळी पत्रकं तशीच असतात. मी खालाकडं बघू शकले नाही. घरी येताना रिक्षात तिनंच माझा हात धरून ठेवला, जसा लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची.

गल्लीतले साक्ष देतील. देतीलच. पण समोरचा म्हणेल, शेजारी आहेत, बोलणारच. झेरॉक्सवाल्याकडं नोंद नाही. माझ्या फोनात त्या दिवसाचा एकच फोटो आहे, चहाच्या कपांचा. नणंदेकडं शालीचा आहे, पण कुणीतरी फॉरवर्ड केलेला, आणि आला तो पुढच्या महिन्यात.

वकीलबाई म्हणतात तोवर दुसरं काही विणा. डाळिंब विणा. खालाही तयार झाली, एकदा चादर काढून बसली. मी भिंतीपलीकडं कान लावून उभी. चार-पाच वेळा खट् झालं आणि थांबलं. मी गेले तर ती हात मांडीवर ठेवून बसलेली. "डाळिंबच काढत व्हते," ती म्हणाली. "हात तिकडंच जातो गं." मग चादर परत टाकली. एक बाजू मी धरली.

साठी ओलांडलीय तिनं. डोळ्यांत पाणी येतं, बारीक धागा दिसत नाही. किती वर्षं विणेल, कुणी सांगावं.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती नाही, मागणी आहे. तुम्ही त्या शुक्रवारी आमच्या गल्लीत होता. सगळे नसाल, पण काही जण नक्की होता; मी स्वतः तुमच्या हातात पत्रक दिलंय. शाल भिंतीवर होती, तुम्ही फोन वर धरला होता. तो फोन उघडा. जुना असेल, कपाटात पडला असेल, स्क्रीन फुटली असेल, तरी चार्ज करा आणि शोधा. फोटो फॉरवर्ड करू नका, कापू नका, त्यावर काही लिहू नका. तारीख मूळ फोटोतच असते. फोन घेऊन या. आजच.