पाऊल टाकणारा शब्द

फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या बसस्थानकावर कळंबच्या गाडीत बसले होते. सुमनआत्यालाच भेटायला निघाले होते, पिशवीत तिच्यासाठी बोरं होती. गाडी सुटली ती भेटायला नव्हे, तिला शेवटचं पोचवायला...

आत्या कळंबच्या शाळेत मराठी शिकवायची. शब्द दिसला की त्याची साल काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आम्ही भाचरं तिच्यासमोर जपूनच बोलायचो. कॉलेजात असताना एकदा मी मोर्चाहून थेट तिच्याकडे गेले आणि 'क्रांती, क्रांती' करत घर डोक्यावर घेतलं. ती भाकरी करत होती.

"क्रांती म्हंजे काय गं?" तिनं विचारलं.

मग तीच सांगू लागली. इंग्रजांचा 'रेव्होल्यूशन' शब्द आकाशातला, ग्रह फिरून जागेवर येतो तो. इन्किलाब अरबीतून आला, त्याच्या मुळाशी उलटणं. एवढं सांगेपर्यंत तिनं तव्यावरची भाकरीही उलटली. "आन् आपली क्रांती? तिच्या मुळाशी पाऊल टाकणं. सूर्य एका राशीतून दुसरीत पाऊल टाकतो, ती संक्रांत. लई आरडाओरडा लागत न्हाय त्याला." मला ते तेव्हा अगदीच मिळमिळीत वाटलं.

आत्याचे यजमान लवकर गेले. त्या वर्षी संक्रांतीला तिला कुणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी तिनं स्वतःच्याच घरी हळदीकुंकू ठेवलं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं धाडलं, नवरा असलेल्या आणि नसलेल्याही. आल्या फक्त शेजारच्या रझियाचाची. उरलेला तिळगूळ आम्ही आठवडाभर खाल्ला, गोड बोलायचा मात्र कंटाळा केला. पण हळूहळू बायका यायला लागल्या, आणि काही वर्षांत तिची बैठक अपुरी पडू लागली.

बाबा गेल्यावर माझी आईही दर संक्रांतीला तिथं जायची. तीळ भाजायची, वाणं मांडायची. कुंकवाचा करंडा फिरायला लागला की मात्र भांडी घासायचं निमित्त करून आत निघून जायची. मला फार राग यायचा. एकदा मी आत्याला म्हटलं, "तू हात धरून बाहेर का आणत नाहीस तिला?"

"म्या ओढल्यावर ते तिचं पाऊल कसं व्हईल? राहू दे. वहिनी यील तवा यील."

आत्या वाट बघत राहिली... आणि गेली. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

यंदा संक्रांतीला आई आणि मी आत्याचं घर आवरायला गेलो होतो. दुःखाचं घर, सण करायचा नव्हता. तरी दुपारी बायका आल्याच. कुणी बोलावलं नव्हतं. रझियाचाचींच्या हातात तिळगुळाचा डबा होता. सगळ्या बैठकीत बसल्या. कुंकू लावायला आत्या नव्हती.

आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला. पदराला हात पुसत ती बाहेर आली, देवळीतला करंडा तिनं घेतला आणि एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत गेली. शेवटच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आन् तुमाला कोन लावनार?"

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. करंडा माझ्या हातात दिला, आणि कपाळावरचा पदर मागं सारला.