पेट्रोलच्या टाकीचं झाकण

आमच्या गाडीला पेट्रोलची वाफ गळण्याचा विकार जडला, आणि त्याचं निदान मी बॉनेट न उघडताच केलं: बायको.

काचेखाली पिवळा दिवा लागला होता. मोबाईलला जोडायचं यंत्र लावलं, तर उत्तर आलं, 'वाफेची बारीक गळती'. टाकीचं झाकण सैल राहिलं की असं होतं, एवढं मी वाचलं होतं. आणि शेवटचं पेट्रोल भरून आणलं होतं मृणालने. (मी मोहालीत सॉफ्टवेअरमध्ये. चूक दुसऱ्या टीमची आहे हे आधी ठरवायची सवय.)

"झाकण नीट लावलं होतंस?"

"मी माणसांची पोटं शिवते. झाकण लावता येतं मला."

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, रविवारी त्यांना कसौलीला न्यायचं होतं. पैज लागली: ज्याची चूक, त्याने घाटात गाडी चालवायची नाही. सासूबाईंदेखत मागच्या सीटवर बसायची माझी मुळीच तयारी नव्हती.

मग मी नळ्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधले. शेजारचे कर्नलसाहेब विचारून गेले, "कपड़े धो रहे हो?" झाकणाला मात्र मी हात लावला नाही. पुरावा होता तो!

शनिवारी आम्ही तिघांनी इंडस्ट्रियल एरियातलं गॅरेज गाठलं. तिथे नळीतून धूर सोडतात; धूर जिथून बाहेर येईल तिथे गळती. आला. थेट झाकणाच्या कडेने.

"बघा आई," मी सासूबाईंना म्हणालो, "मी काय सांगत होतो?"

मृणालचा चेहरा पडला. मेकॅनिकने झाकण फिरवलं, आणि खालून मलमलीचा एक चौकोनी तुकडा निघाला.

"ये क्या है जी?"

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "हा माझ्या लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधायचा दादरा. दोन दिवस शोधतेय मी."

मृणालने पेट्रोल भरून आणल्यानंतर आंधी येऊन गेली, तेव्हा धूळ टाकीत जाऊ नये म्हणून तो मीच बसवला होता. बरणीला चालतो तर टाकीला का नाही, असा माझा विचार. इतक्या प्रेमाने केलेलं काम चुकांमध्ये मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

कसौलीच्या घाटात मृणालने गाडी सुरेख चालवली. मी मागे, मांडीवर लोणच्याची बरणी. दादरा पेट्रोलने बाद झाला होता, म्हणून बरणीचं तोंड मी तळहाताने दाबून धरलं होतं.

"जावईबापू, गळत नाही ना कुठे?" सासूबाईंनी पुढून विचारलं.

गळत होतं. आणि कुठून, हे शोधायला या वेळी धूर सोडावा लागला नाही.