सोबतीचा रकाना

बाइंडरकाकांना कोणी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" की ते म्हणायचे, "मी आणि पंखा. त्यातला पंखा जरा कुरकुरतो." विचारणारा हसायचा आणि विषय तिथेच संपायचा. सदुसष्ट वर्षांच्या सडाफटिंग माणसाला याहून जास्त कोण कशाला विचारेल?

अडतीस वर्षं त्यांनी एकाच छापखान्यात पुस्तकं बांधली. छापलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या फर्म्यांची क्रमानं चळत लावायची, शिवायचं, पाठीला सरस लावायचा आणि वर पुठ्ठा चढवायचा. फर्मा मागेपुढे झाला किंवा एकच दोनदा लागला, की पुस्तक वाया. काकांच्या हातून असं एकही पुस्तक बाहेर गेलं नाही. हे ते स्वतःच सांगायचे, कारण सांगायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. मालक वारला आणि छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं.

लग्नाचं म्हणाल, तर ते आज करू उद्या करू म्हणता राहून गेलं. मग थोरल्या भावाचं दुखणं सुरू झालं. भाऊ गणिताचा मास्तर. आधी त्याचा चष्मा हरवू लागला, मग घरचा रस्ता, मग सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षं काकांनी त्याला न्हाऊ-जेवू घातलं. शेवटची दोन वर्षं तो काकांना नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजायचा आणि रोज सकाळी विचारायचा, "झालं का हो काम?" काका म्हणायचे, "थोडं राहिलंय, साहेब." त्यालाही जाऊन तीन वर्षं झाली. काकांना अजून कधीकधी रडू यायचं, पण खरं सांगायचं तर ते भावासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. भाऊ विसरला तेव्हा त्याला सांभाळायला धाकटा होता. आपण विसरलो, तर आपण विसरलोय हे तरी कोणाला कळणार?

म्हणून संशोधन केंद्राची जाहिरात वाचली त्याच दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून तिथे हजर झाले.

डॉक्टरबाई बोलायला साध्या होत्या. त्यांनी समजावलं, की या आजारात मेंदूत एक प्रथिन साचत जातं, आणि पहिला विसर पडण्याआधी पंधरा-वीस वर्षं ते गुपचूप साचत असतं. विसरायला लागल्यावर औषध देऊन फारसं काही हाती लागत नाही. तोवर पेशी मरून गेलेल्या असतात. आता असं औषध तपासायचं होतं, जे आधीच ते प्रथिन धुऊन काढेल. त्यासाठी घरात आजार असलेली, रक्तात खूण सापडलेली, पण अजून ठणठणीत असलेली माणसं हवी होती. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय ते डॉक्टरांनाही माहीत नसणार.

"चार वर्षं दर महिन्याला यावं लागेल," त्या म्हणाल्या.

दर महिन्याला कुठेतरी आपली वाट बघतील, एवढंच काकांना ऐकू आलं. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

रक्त तपासलं, त्यात खूण निघाली. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं, मेंदूचे फोटो झाले. स्मरणाच्या परीक्षेत काका कसेबसे काठावर पास झाले. मग डॉक्टरबाईंनी अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता: सोबती.

"हे काय?"

"तुम्हाला नीट ओळखणारं एक माणूस. आठवड्यातून निदान दहा तास तुमच्याबरोबर असणारं. परीक्षेला काय, माणूस कंबर कसून बसतो हो काका. घरी कसा वागतो ते कागदावर येत नाही. तुमच्यात काही फरक पडला, तर तो तुमच्याआधी त्या सोबत्याला कळायला हवा. सोबती नसेल, तर मला तुम्हाला घेता येणार नाही."

आता आली का पंचाईत! रक्तातली खूण सापडली, पण ओळखणारं माणूस सापडेना. शेजारचा बँकवाला बारा वर्षं जिन्यात "काय, बरं ना?" करायचा. तो दारातच म्हणाला, "तुमचं नाव काय म्हणालात?" चुलतपुतणीनं फोनवरच कानांवर हात ठेवले. छापखान्यात खिळे जुळवणारा जुना कंपोझिटर होता. तो गेल्याच वर्षी वारला, हे त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

उरल्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या ताई. अकरा वर्षं दर आठवड्याला काकांचे दोन शर्ट आणि एक पॅन्ट त्यांच्याकडे जायची. काकांनी आधी घरी बसून वळणदार अक्षरात एक कागद लिहिला: जन्मतारीख, रक्तगट, शाळा, भावाचं दुखणं, सकाळी उठायची वेळ, गोड आवडतं की तिखट. मास्तराचाच भाऊ तो. परीक्षा म्हटली की उत्तरं पाठ हवीत. फर्म्यासारखी घडी घालून तो खिशात ठेवला आणि दुकान गाठलं.

"ताई, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री उभी करून ठेवली. "दहा तास? अहो काका, दहा तास तुमचे शर्ट असतात माझ्याकडे. तुम्ही कुठे असता?"

"मग शर्टांच्या वतीनं सांगा."

दोघंही हसले. ताई हो म्हणाल्या. कागद देताना काकांचे डोळे भरून आले. आपलं एवढं सगळं आता कोणाला तरी माहीत असणार, याचं त्यांना फार बरं वाटलं.

ठरल्या दिवशी ताई दुकानाला कुलूप लावून, ठेवणीतले कपडे घालून आल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना एकट्यांनाच आत घेतलं. मधली भिंत प्लायवुडची, त्यामुळे बाकावर बसलेल्या काकांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. ताईंनी जन्मतारखेपासून सुरुवात केली आणि घडाघडा रक्तगटापर्यंत पोचल्या. डॉक्टरबाई हसल्या. "हे नाही हो मला विचारायचं. गेल्या काही महिन्यांत त्यांच्यात काही बदल वाटला? तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात का?"



"मी नाही म्हटलं, तर त्यांना औषध मिळेल ना?" ताईंनी विचारलं.

"मिळेल कदाचित. पण आजार सुरू झालेला असेल, तर ते त्यांच्यासाठी नाही. आणि त्यांना ज्या उपचारांची गरज आहे, ते राहूनच जातील."

पर्स उघडल्याचा आवाज आला. "मग हे बघा. हा कागद त्यांनी मला मंगळवारी आणून दिला. हा गुरुवारी. आणि हा शनिवारी. तिन्हींवर तेच लिहिलंय. दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखे आले, रागावणार नाही ना म्हणाले, आणि जाताना डोळ्यांत पाणी."

पुढचं बोलणं काकांच्या कानात शिरलंच नाही. त्यांना दुकानात गेल्याचा एकच दिवस आठवत होता. तो मंगळवार होता की शनिवार, तेही सांगता आलं नसतं. त्यांना भीती वाटली. भावाच्या नऊ वर्षांत कधी वाटली नव्हती एवढी वाटली.

डॉक्टरबाईंनी त्यांना आत बोलावून आडपडदा न ठेवता सांगितलं. या प्रयोगात आता त्यांना घेता येणार नव्हतं. पुढच्या तपासण्यांची तारीख त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली, आणि चिठ्ठी काकांच्या हातात देता देता थांबून ताईंकडे दिली.

लिफ्टपाशी दोघं उभे राहिले. काकांनी हळूच विचारलं, "खरंच तीनदा आलो होतो?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, बोलायला कोणी नाही म्हणून निमित्त काढून येताय. एकट्या माणसाचं असतं तसं. मग मीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवलं. तो शर्टांचा विनोदसुद्धा पुन्हा पुन्हा केला."

काकांनी लिफ्टचं बटण दाबलं.

"आणि मी काय केलं?"

"हसलात की," ताई म्हणाल्या. "आणि खुशीत घरी गेलात. तिन्ही वेळा."